खेळातले धर्मसंकट



कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय वाचून काही मंडळी घरीच राहिली असतील. जी आली आहेत त्यांतल्या काहींना, आपला नातू ज्या खोलीचे दार लावून बसतो त्या खोलीत नेमके काय चालते, एवढेच जाणून घ्यायचे असेल. दोघांशीही आमचे भांडण नाही. संगणकावरचे खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, या मतात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. पण हेच मत एके काळी नाटकांविषयी होते, त्याहून अलीकडे कादंबऱ्यांविषयी होते, आणि गंजिफा-सोंगट्यांविषयी तर फारच जुन्या काळापासून आहे. तेव्हा त्या वादात न शिरता आम्ही आज एवढाच प्रश्न घेणार आहोत की, या खेळांतला जो एक विशिष्ट वर्ग खेळणाऱ्याला पावलोपावली 'हे करशील की ते करशील' असे विचारतो, आणि त्याच्या उत्तराला बरेवाईट फळ देतो, त्या वर्गाला नीतिविचारात काही स्थान आहे की नाही? की तो नुसता नीतीचा देखावा आहे?

या वर्गाला इंग्रजीत 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात. खेळणाऱ्याने एका पात्राचे सोंग घ्यायचे आणि त्या सोंगाच्या अंगाने एका कल्पित देशात वावरायचे, हे त्याचे मूळ स्वरूप. याचा उगम संगणकात नाही. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. चारपाच मित्र टेबलाभोवती बसतात, एक सूत्रधार होतो, बाकीचे कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर होतात, आणि फासे टाकीत गोष्ट पुढे नेतात. त्यात एक मौजेचा नियम होता. आपले पात्र सज्जन की दुर्जन, नियमाने चालणारे की स्वैर, हे खेळणाऱ्याने आधीच कागदावर लिहून ठेवायचे आणि मग त्याबरहुकूम वागायचे. आयुष्यात आपण आधी वागतो आणि लोक मागाहून आपल्याला सज्जन-दुर्जन ठरवतात. येथे क्रम उलटा! हा उलटा क्रम सुलटा करण्याचे काम पुढे संगणकाने केले, आणि तेथून आपला विषय सुरू होतो.

पण त्याआधी आपल्याच घरातल्या एका खेळाची आठवण करून द्यायला हवी. मोक्षपट आपणांस ठाऊक असेल. परंपरेने तो ज्ञानदेवांच्या नावावर सांगितला जातो. पटावर घरे आखलेली, शिड्यांना सद्गुणांची नावे, सापांना दुर्गुणांची. कवड्या टाकायच्या आणि चढत-घसरत मोक्षाच्या घरापर्यंत जायचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी तो उचलला, मोक्ष वगळला, आणि साप व शिड्या ठेवल्या. खेळातून नीती सांगण्याची कल्पना काही साहेबाच्या देशातून आपल्याकडे आलेली नाही, हे सांगण्याचा मोह आम्हांस आवरला नाही. पण केवळ अभिमानासाठी आम्ही हा उल्लेख करीत नाही. मोक्षपटात एक गोष्ट नाही, ती म्हणजे निवड. कवडी जे दान देईल ते घर. दयेच्या शिडीखाली आपण आलो ते दया केली म्हणून नव्हे, आणि क्रोधाच्या सापाने गिळले ते रागावलो म्हणून नव्हे. तो पट प्रारब्धाचे चित्र आहे, पुरुषार्थाचे नव्हे. पट मांडणाऱ्याला गुणांचे फळ दाखवायचे होते; गुण अंगी आणायचा कसा, हे दाखवणे कवड्यांच्या हाती नव्हते.

ते दाखवण्याचा पहिला गंभीर प्रयत्न 1985 साली झाला. रिचर्ड गॅरियट नावाचा टेक्सासमध्ये वाढलेला एक तरुण 'अल्टिमा' नावाची खेळांची मालिका लिहीत असे. (याचे वडील अंतराळवीर होते, आणि पुढे 2008 साली हाही स्वखर्चाने अंतराळात जाऊन आला, घराणेच तसे!) त्याच्या आधीच्या खेळांत कोणीतरी एक दुष्ट मांत्रिक असे आणि त्याला मारले की खेळ संपे. त्याला मारण्यासाठी लागणारे धन आणि शस्त्र मिळवताना खेळाडू वाटेत चोऱ्या करीत, निरपराध नगरवासीयांना ठार करीत, आणि अखेरीस जगाचे तारणहार म्हणून मिरवीत. इतिहासात असे तारणहार बरेच होऊन गेले आहेत. पण गॅरियटला ते खटकले. म्हणून मालिकेतल्या चौथ्या खेळात त्याने दुष्टाला वगळूनच टाकले. मारायला शेवटचा राक्षस नाही. साध्य एकच: स्वतः गुणवान होणे. आणि अशा गुणवान झालेल्या मनुष्याला त्याने नाव दिले ते आपले, 'अवतार'. आज जगभर संगणकावरच्या आपल्या प्रतिमेला 'अवतार' म्हणतात. तो शब्द रुळवण्यात या खेळाचा मोठा हात आहे. आपल्याकडे अवतार वरून खाली येतो. गॅरियटचा अवतार खालून वर चढतो. शब्द परदेशी गेला की त्याची दिशा अशी बदलते.

त्याने आठ गुण मानले: सचोटी, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, प्रतिष्ठा, अध्यात्म आणि नम्रता. ही आठही सत्य, प्रेम आणि धैर्य या तीन मूळ तत्त्वांच्या मिश्रणातून निघतात अशी त्याची मांडणी. तत्त्वज्ञान म्हणून ती फार खोल आहे असे नाही. पण खेळाची सुरुवात पाहा. एक भविष्य सांगणारी बाई पत्ते मांडून बसली आहे. ती दरवेळी दोन गुण समोरासमोर ठेवते आणि प्रश्न विचारते. न मोजलेल्या मोहरांची थैली कोणी विश्वासाने पोचवायला दिली आहे. वाटेत भिकारी भेटला. थैली जशीच्या तशी पोचवाल, की एक नाणे, ज्याची कोणाला उणीव भासणार नाही, त्याला द्याल? दोन्ही उत्तरे चांगलीच आहेत. पण एकच देता येते, आणि ज्या गुणाला तुम्ही अखेरपर्यंत धरून राहता त्यावरून तुमचे पात्र ठरते.

श्रोतेहो, हा प्रश्न आपणांस नवा वाटू नये. महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिकाची कथा सांगतो. कौशिक हा सत्यव्रती तपस्वी. चोरांच्या भयाने पळणारी माणसे त्याच्या डोळ्यांदेखत रानात लपली. मागून चोर आले आणि त्यांनी विचारले. कौशिकाने खरे सांगितले. माणसे मारली गेली आणि सत्यवचनी कौशिक नरकात गेला. प्रसंग कोणता, तर गांडिवाची निंदा करणाऱ्याला ठार मारीन या आपल्या प्रतिज्ञेपायी अर्जुन युधिष्ठिरावरच तलवार उपसून उभा आहे! दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड येतात तेव्हाच धर्माचा प्रश्न उभा राहतो. चांगले आणि वाईट यांत निवड करायची असेल तेथे प्रश्न धर्माचा नसतो, फक्त मनोबलाचा असतो. हा भेद आजच्या व्याख्यानाला सोबत घेऊन चालू या, कारण पुढच्या बऱ्याच खेळांनी तो सोडून दिला.

अल्टिमात तो प्रस्तावनेनंतर काहीसा मावळतोच. पुढचा खेळ म्हणजे एक चित्रगुप्त. प्रत्येक गुणामागे यंत्राच्या पोटात एक आकडा आहे. तो खेळाडूला दिसत नाही. औषधी विकणारी बाई आंधळी आहे; किती पैसे ठेवले ते तिला दिसत नाही. कमी ठेवले तर वस्तू मिळते, ती काही बोलत नाही. पण सचोटीचा आकडा गुपचूप खाली येतो. लढाईतून पळालात तर शौर्य घटते. पळणाऱ्या निरुपद्रवी प्राण्याला मारले तर करुणा घटते. वैद्याकडे रक्त दिले तर त्याग वाढतो. राजवाड्यात एक द्रष्टा बसलेला आहे, त्याला विचारले तर तो मोघम सांगतो, अमुक बाबतीत तुझे अजून बरेच उणे आहे. आंधळ्या बाईचा हा प्रसंग आम्हांला सबंध खेळात सर्वांत सुंदर वाटतो. यंत्र ओरडत नाही, शिक्षा करीत नाही. किती तास उलटल्यावर मंदिरात ध्यानाला बसलात की मग कळते, दार उघडत नाही. तोपर्यंत कोणती लबाडी कुठे केली तेही विसरलेले असते.

पण खेळाडू हा मोठा चतुर प्राणी. त्याने लौकरच हिशेब काढला की भिकाऱ्याला एकेक नाणे पुन्हा पुन्हा देत राहिले तरी करुणेचा आकडा चढतो. मग त्याच भिकाऱ्यापुढे उभे राहून एकामागून एक नाणी टाकायची! देवळाच्या पायरीवर सुटे पैसे बांधून आणणाऱ्या भाविकांची आठवण होते. येथे आमचा पहिला आक्षेप आहे, आणि तो या सबंध वर्गाला लागू आहे. गुण मोजता येऊ लागला की तो गुण राहत नाही, जमाखर्च होतो.

या जमाखर्चाचा कळस पाहायचा असेल तर 2004 साली इंग्लंडात निघालेल्या 'फेबल' नावाच्या खेळाकडे पाहावे. लायनहेड नावाच्या संस्थेने तो केला; संस्थेचा प्रमुख पीटर मॉलिन्यू हा मोठा कल्पक आणि मोठा वचनी. बलुताचे फळ जमिनीत पुरले तर खेळात वर्षे लोटतील तसतसे त्याचे झाड होईल, अशा थाटाची वचने त्याने दिली, ती पुरी झाली नाहीत, आणि त्याने पुढे जाहीर दिलगिरी व्यक्त केली. ती संस्था 2016 साली बंद झाली. असो. फेबलमध्ये नायकाने दुष्कृत्ये केली की त्याच्या डोक्याला शिंगे फुटतात आणि भोवती माश्या घोंगावू लागतात. सत्कृत्ये केली की मस्तकाभोवती प्रभावळ उमटते आणि फुलपाखरे फिरू लागतात. देवळात पुरेसे सोने वाहिले की पुण्य वाढते. म्हणजे दिवसभर दरोडे घालावेत आणि सायंकाळी त्यातलाच वाटा देवाला वाहून शिंगे उतरवून घ्यावीत. व्यंग म्हणून हे रचले असते तर आम्ही टाळ्या दिल्या असत्या. आणि काही अंशी तसे ते असेलही, कारण सबंध खेळाला एक खट्याळपणा आहे, आणि मुलांना तो आवडला यात नवल नाही. पण गंभीरपणे पाहू गेल्यास त्यातली निवड म्हणजे निवड नव्हेच. खेळाडू पहिल्या घटकेलाच ठरवतो, 'यंदा मी सज्जन होणार' किंवा 'यंदा मी दुर्जन होणार', आणि मग प्रत्येक प्रसंगी त्या पाटीचे उत्तर टिचकी मारून देतो. विचार करावा लागतो तो एकदाच. कागदावर आधी स्वभाव लिहून ठेवण्याचा जुना नियमच येथे शिंगे लावून परत आला.

शिवाय दुर्जनपणाची या खेळांतली कल्पना किती बाळबोध! दुर्जन म्हणजे कोंबड्यांना लाथा मारणारा आणि गावकऱ्यांना धमकावणारा. खरा दुर्जन असा ओळखू आला असता तर न्यायालयांचे काम किती सोपे झाले असते! आपण जी दुष्कृत्ये पाहतो ती करणाऱ्यांच्या डोक्याभोवती, त्यांच्या स्वतःच्या आरशात तरी, प्रभावळच असते.

आता ज्या खेळासाठी आम्ही हा विषय मुळात निवडला त्याकडे वळू. पोलंड देशात आंद्रेइ सापकोव्स्की नावाचे लेखक आहेत. 1986 साली एका मासिकात त्यांची एक कथा प्रसिद्ध झाली. तिचा नायक गेराल्ट हा पैसे घेऊन भुतेखेते आणि राक्षस मारणारा माणूस. आपल्याकडचा पंचाक्षरी डोळ्यांसमोर आणा, फक्त अंगाऱ्याऐवजी हातात तलवार द्या. लोक त्याला बोलावतात, काम झाले की पैसे देताना घासाघीस करतात, आणि तो गावाबाहेर पडला की थुंकतात. या कथांवरून वॉर्सातल्या सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेने 'विचर' नावाचे तीन खेळ केले: 2007, 2011 आणि 2015 साली. पोलंडला त्याचा इतका अभिमान की 2011 साली पंतप्रधान डोनाल्ड टुस्क यांनी अमेरिकेच्या अध्यक्षांना, ओबामांना, दिलेल्या भेटींत दुसरा खेळ होता. तिसऱ्याच्या पाच कोटींहून अधिक प्रती खपल्याचे संस्थेने 2023 साली जाहीर केले. एवढ्या लोकांनी जी गोष्ट अनुभवली तिच्याविषयी 'पोरांचे खूळ' म्हणून नाक मुरडणे निदान सुशिक्षिताला शोभत नाही.

या तिसऱ्या खेळातला एक भाग आम्ही जरा विस्ताराने सांगतो. युद्धाने उजाड झालेला दलदलीचा प्रदेश. तेथे एक सरदार गढी बळकावून बसला आहे. लोक त्याला 'रक्ताळ सरदार' म्हणतात. गेराल्ट आपल्या मानसकन्येच्या शोधात त्याच्या दारी येतो. सरदार म्हणतो, तुझ्या मुलीची हकिकत मला ठाऊक आहे, सांगतो. पण माझी बायको आणि माझी मुलगी नाहीशा झाल्या आहेत, त्यांना आधी शोध. माणूस मोठा दिलदार, गप्पिष्ट. गेराल्टच्या मुलीला त्याने घरच्या लेकीसारखे ठेवून घेतले होते. खेळाडूला तो आवडू लागतो. मग शोध घेता घेता एकेक धागा उलगडतो: सरदार दारू पीत असे. बायकोला मारीत असे. ती गर्भार असताना तिला मारहाण झाली आणि गर्भ गेला. त्या मृत गर्भाला त्याने ना नाव दिले, ना नीट मूठमाती. आणि आता ते पिशाच होऊन गढीभोवती फिरते आहे. पोलिश लोककथांतले हे भूत आहे. आपल्याकडच्या अळवंतीचे जणू उलट रूप, तिकडे आई उरते, इकडे मूल.

येथे खेळ विचारतो: त्या पिशाचाला तलवारीने संपवायचे, की त्याच्या बापाला त्याला उचलून घ्यायला लावायचे? दुसरा मार्ग घेतला तर तो धिप्पाड दारुडा सरदार ते घाणेरडे, चावरे, किंचाळणारे पोर छातीशी धरून रात्रीच्या पावसात गढीपर्यंत चालतो, उंबऱ्यापाशी खड्डा खणतो, त्याला नाव देतो आणि आपली लेक म्हणून मान्य करतो. कुठलाही आकडा वर चढत नाही. प्रभावळ उमटत नाही. सरदाराला क्षमा करावी असे खेळ सांगत नाही. त्याला शिव्या द्याव्यात असेही सांगत नाही. त्याची बायकोही काही निर्दोष म्हणून रंगवलेली नाही. पण त्यामुळे त्याचा हात उगारणे क्षम्य ठरवले आहे, असेही नाही. घरातल्या मारहाणीविषयी इतक्या सरळ आणि इतक्या संयमाने बोलणारे लेखन कोठल्याही माध्यमात सहज मिळत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पुढे दलदलीत तीन जख्ख चेटकिणी आहेत. त्यांच्या आश्रयाला काही अनाथ पोरे आहेत, आणि चेटकिणी ती एक दिवस खाणार, हा रंग उघड दिसतो. त्या पोरांना सांभाळणारी वेडसर म्हातारी म्हणजेच सरदाराची नाहीशी झालेली बायको. जवळच एका टेकडीखाली, जुन्या झाडाच्या मुळांत, एक आत्मा कोंडलेला आहे. गावकरी म्हणतात, त्याला ठार मार, तो आमचा काळ आहे. आत्मा म्हणतो, मला सोड, मी पोरांना वाचवीन. तो खरे बोलतो की खोटे, हे कळायला मार्ग नाही.

खेळाडू विचार करतो. पोरांचा जीव डोळ्यांसमोर असतो. म्हणून पुष्कळ जण आत्म्याला सोडतात. आत्मा शब्दाला जागतो: पोरे वाचतात. आणि त्याच वेळी तो शेजारच्या गावात शिरून सगळ्यांची कत्तल करतो. पोरे निसटल्याची शिक्षा म्हणून चेटकिणी सरदाराच्या बायकोला शाप देतात. तो शाप उतरवतानाच ती मरते. आणि सरदार गढीत परत जाऊन झाडाला गळफास घेतो. उलट आत्म्याला मारले, तर गाव वाचते, बायको भ्रमिष्ट अवस्थेत का होईना जिवंत राहते, सरदार दारू सोडून तिला दूरच्या वैद्याकडे घेऊन जातो. आणि पोरे खाल्ली जातात. ही सगळी फळे निवडीच्या क्षणी दिसत नाहीत. ती बऱ्याच वेळाने, दुसऱ्याच कामात असताना, समोर येतात. पहिल्या खेळातच या मंडळींनी ही युक्ती योजली होती. गोदीवर पहारा करताना बंडखोरांना माल नेऊ दिला, तर कितीतरी वेळाने शहरात एक माणूस त्यांच्याच बाणांनी मेलेला सापडतो, आणि ज्याच्याकडून काही कळायचे तोच तोंड मिटून पडलेला असतो.

यावर एक आक्षेप आम्ही ऐकला आहे, आणि तो विचार करण्याजोगा आहे. आक्षेप असा की, कोणत्याही मार्गाने गेले तरी अनर्थच होणार असेल तर ही नीती नव्हे, निराशा आहे. आणि ज्याचे फळ आधी कळूच शकत नाही त्या निवडीची जबाबदारी खेळाडूवर टाकणे म्हणजे मोक्षपटाची कवडीच पुन्हा हाती देणे. आक्षेपाचा उत्तरार्ध बिनतोड दिसतो खरा. पण कवडी टाकण्यापूर्वी मनुष्य काही शोधू शकत नाही; येथे शोधू शकतो. झाडाखालच्या आत्म्याविषयी खेळात जुनी टिपणे आहेत, लोकांची बोलणी आहेत. ती वाचणारा सावध होतो, न वाचणारा होत नाही. वाचूनही खात्री होत नाही, हे खरे. पण खात्री झाल्यावर केलेल्या निवडीला आपण धैर्य म्हणत नाही. आणि निराशेविषयी म्हणाल, तर ज्या देशाने गेल्या शतकात दोन बाजूंनी आलेली सैन्ये पाहिली, ज्याच्या माणसांना 'यांच्या हाती पडू की त्यांच्या' एवढाच पर्याय पुष्कळदा उरला, त्या देशातून ही गोष्ट आली आहे. सापकोव्स्कींच्या एका कथेचे नावच 'कमी वाईट' असे आहे; तिच्यात गेराल्ट दोन वाइटांतले एक निवडायला आधी नाकारतो, अखेरीस निवडतो, आणि गावाला वाचवूनही त्या गावाचा खाटीक म्हणून ओळखला जातो. अल्टिमा अमेरिकेच्या सुखवस्तू आशावादातून निघाला, विचर पोलंडच्या राखेतून. दोहोंत आम्हांला आपल्या कर्णपर्वाला जवळचा वाटतो तो दुसरा.

दुसरा आक्षेप अधिक मुळाशी जाणारा आहे. सगळी उत्तरे आधीच कोणीतरी लिहून ठेवलेली आहेत. खेळाडू फक्त दोन दारांतले एक उघडतो. मग तो स्वतंत्र कसला? पण नाटकाच्या प्रेक्षकाला तर एकही दार नसते, तरी आपण नाटकाला नीतिशून्य म्हणत नाही. दारे थोडी आहेत यात वाईट काहीच नाही. आपल्या आयुष्यातही खऱ्या कसोटीच्या वेळी ती फारशी नसतात. आमचा रोख दुसरीकडे आहे. विचरसारख्या खेळांत मध्येच खूण करून ठेवायची सोय असते: फळ आवडले नाही, तर मागच्या खुणेपासून पुन्हा सुरू करावे. सरदार गळफास घेतो, खेळाडू हळहळतो, आणि चार कळा दाबून सरदाराला जिवंत करतो. पश्चात्तापाला येथे काही किंमतच पडत नाही. खेळ करणाऱ्यांनी फळ लांबणीवर टाकून या पळवाटेला अडसर घातला, पण पळवाट बुजवली नाही.

ती बुजवली एका तरुणाने, जवळजवळ एकट्याने. टोबी फॉक्स त्याचे नाव. 2015 सालीच त्याने 'अंडरटेल' नावाचा खेळ काढला. चित्रे अगदी ठोकळेबाज, विचरच्या थाटाशी काही तुलना नाही. भूमिगत राक्षसांच्या जगात एक मूल पडते. इतर खेळांत राक्षस मारायचे आणि त्याबद्दल 'अनुभव' म्हणून गुण मिळवायचे, हा सर्वमान्य रिवाज. येथेही तसे गुण मिळतात, आणि अखेरीस खुलासा होतो की त्या अक्षरांचा अर्थ अनुभव नसून कत्तल आहे. एकालाही न मारता सबंध खेळ पुरा करता येतो. पण त्याला चिकाटी लागते, बोलावे लागते, मार खावा लागतो. सुरुवातीलाच एक मायाळू मातेसमान राक्षसी भेटते. ती मुलाला जाऊ देत नाही, आणि वाट काढण्याच्या नादात पुष्कळ खेळाडूंच्या हातून ती मरते. खेळाडूला वाईट वाटते. तो मागच्या खुणेवर परततो. यावेळी तिला वाचवतो. आणि निश्वास टाकतो. तोच एक दुष्ट फूल जमिनीतून वर येते आणि त्याला सुनावते की, तू तिला आधी मारले होतेस, आणि मग लाज वाटून परत आलास, हे मला ठाऊक आहे.

यंत्राने लक्षात ठेवले! खेळाडूच्या अंगावर काटा येतो तो याच ठिकाणी. आणि ज्याने एकदा सर्वांची कत्तल करून खेळ संपवला, त्याला पुढे कितीही सज्जनपणे खेळले तरी शेवट निर्मळ मिळत नाही. गोड समारोपात एक डाग राहतो. अल्टिमाच्या चित्रगुप्ताची वही भिकाऱ्याला नाणी देऊन भरून काढता येत होती; या वहीत खोडरबर चालत नाही.

घरच्या मुलांविषयी दोन शब्द बोलणे आम्हांस भाग आहे. 1980 नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या काही पालकांनी आणि धर्मोपदेशकांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ने मुले सैतानाच्या नादी लागतात म्हणून मोठे काहूर माजवले. ते पुढे विरून गेले. तसल्या काहुराची आम्हांला गरज वाटत नाही. पण विचरवर 'केवळ प्रौढांसाठी' असा शिक्का आहे, तो शोभेसाठी नव्हे. त्यातली हिंसा आणि शृंगार बारा वर्षांच्या मुलापुढे ठेवण्याजोगे नाहीत, आणि सरदाराची गोष्ट तर संसार पाहिलेल्या माणसालाच पुरती उमगते. तेव्हा नातवाच्या हातून तो काढून घेण्यास आमची संमती आहे. मात्र काढून घेतल्यावर आजोबांनी तो स्वतः एकदा खेळून पाहावा, अशी सूचना आहे. बोटे वळत नसतील तर नातवाला कळा दाबू द्याव्यात आणि उत्तर आजोबांनी सांगावे.

अंडरटेल मात्र घरात मुलांबरोबर बसून खेळता येतो. त्या मायाळू राक्षसीपाशी मूल पोचले की शेजारी बसा आणि काही सांगू नका. तलवारीची कळ आणि दयेची कळ पडद्यावर एकाच ओळीत असतात. दयेची कळ दाबून काही होत नाही असे वाटते, दुसऱ्यांदा दाबली तरी नाही, पाचव्यांदाही नाही, ती ज्वाळा फेकतच राहते. किती वेळा दाबावी, हे तेथे कोणी लिहून ठेवलेले नाही.